सिस्टरच्या हातात पेन द्या

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस सकाळी उठला की आधी एकच विचारतो, "राजाराम बंधाऱ्याला पाणी किती?" पंचगंगेवरचा हा बंधारा आमच्या कसबा बावड्याचा. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. बावड्यातल्या शाळकरी पोरालाही हे दोन आकडे पाठ असतात. पाणी ३९ ला टेकलं की काय करायचं, ४३ ला काय, जनावरं कधी सोडवायची, शियेचा रस्ता कधी बंद करायचा, हे सगळं आधीच ठरलेलं. पट्टी वाचणाऱ्या माणसाला इंजिनिअरची पदवी लागत नाही. त्याला आकडा नीट वाचता यावा लागतो आणि तो वेळेत कळवावा लागतो. त्याच्या शब्दावर अख्खं शहर हलतं. "थांबा, साहेब मीटिंगवरून येऊ देत, मग पाणी वाढलंय का ते ठरवू," असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

मग रक्तदाबाच्या बाबतीत आपण असं का म्हणतो?

आमच्या गल्लीतल्या आक्का काही दिवस नदीपलीकडे लेकीकडे राहायला गेल्या होत्या. बीपीच्या गोळ्या इकडंच राहिल्या. बारा दिवस गोळी नाही. डोकं जड झालं, मानेत कळ यायला लागली, तेव्हा लेकीचा फोन आला. मी गेलो आणि आक्कांना घेऊन तिथल्या उपकेंद्रात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट त्या एका गावाची नाही. तिथली सिस्टर बीएससी नर्सिंग झालेली, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमलेली. तिनं आक्कांना आधी पाच मिनिटं गप्प बसवलं. पाय जमिनीला टेकवायला लावले, पाठ टेकवायला लावली, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला. आक्का बोलायला लागल्या तशी म्हणाली, "आक्का, आता बोलू नका, आकडा वाढतो." एकदा मोजलं, थांबली, पुन्हा मोजलं. १६८ वर ९८. मोठमोठ्या दवाखान्यांत मी बीपी मोजून घेतलाय. जाकीट न काढता, उभ्या उभ्या, फोनवर बोलत बोलत मोजलेला पाहिलाय. इतका नीट मोजलेला पाहिला नव्हता.

तिनं छातीत दुखतं का, दम लागतो का, हातापायाला मुंग्या येतात का, तोंड वाकडं झाल्यासारखं वाटलं का, सगळं विचारलं. पाय दाबून सूज बघितली. मागच्या कपाटात अम्लोडिपिनच्या गोळ्या होत्या, मला दिसत होत्या. आक्का वर्षानुवर्षं तीच गोळी घेतात. पण जुना कागद सोबत नव्हता, त्या केंद्रात नोंद नव्हती, आणि नव्या पेशंटला गोळी सुरू करायची तर ऑर्डर पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांची लागते. डॉक्टर प्रशिक्षणाला जिल्ह्याला गेलेले. ई-संजीवनीवर, सरकारच्या ऑनलाइन सल्ल्याच्या सोयीवर, दुसरे डॉक्टर मिळतात का बघायला तिनं टॅब उघडला. वीस मिनिटं ते गोल चाक फिरत राहिलं.

आक्का म्हणाल्या, "आगं, तुला कळतंय न्हवं? मग दे की."

सिस्टर म्हणाली, "कळतंय आक्का. पण मला लिहिता येत नाही."

चार वर्षांची पदवी घेतलेली मुलगी म्हणते, मला लिहिता येत नाही. ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

परतताना आक्कांच्या लेकीनं वाटेतल्या एका मेडिकलसमोर गाडी थांबवायला लावली. काउंटरवर पोरगं होतं. "बीपीची गोळी, पाचची," एवढंच सांगितलं. अर्ध्या मिनिटात पट्टी हातात. त्यानं बीपी विचारला नाही, वय विचारलं नाही, सूज तर लांबच. जिला सगळं येत होतं तिचे हात नियमानं बांधलेले आणि ज्याला काहीच विचारायचं नव्हतं तो मोकळा. हा नियम आक्कांचं रक्षण करतो, असं मला कुणी समजावून सांगावं.

सिस्टरचं हे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद कुठून आलं ते थोडक्यात सांगतो. २०१८ मध्ये आयुष्मान भारतखाली देशातली दीड लाख उपकेंद्रं आणि आरोग्य केंद्रं 'आरोग्यवर्धिनी' करायचं ठरलं. पुढे २०२३ मध्ये पाटी बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाली. जिथं आधी फक्त लसीकरण आणि बाळंतपण बघितलं जायचं, तिथं बीपी, शुगर, तोंडाच्या-स्तनाच्या-गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, म्हातारपणाचे आजार, मनाचे आजार, सगळं यायचं होतं. पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि तिथं एक समुदाय आरोग्य अधिकारी. नर्सिंगची पदवी, वर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स. कल्पना उत्तम. देशात पहिल्यांदा सरकारनं कागदावर मान्य केलं की गावातला पहिला निर्णय नर्स घेऊ शकते.

महाराष्ट्रानं काय केलं? या पदांवर नर्सेस घेतल्या, पण जास्त करून बीएएमएस घेतले. आयुर्वेदाच्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, त्यातले कितीतरी जीव ओतून काम करतात. पण निवड करताना सरकारच्या मनात काय होतं ते दिसतं: नावापुढं 'डॉ.' असलं की लोकांना बरं वाटेल. नर्सवर विश्वास टाकायची संधी आली आणि आपण ती अर्धीच घेतली.

आणि जिला घेतलं तिला काय दिलं? महिना २५ हजार मानधन आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत मोबदला. कंत्राटी. त्या १५ हजारांसाठी किती तपासण्या, किती नोंदी, किती कार्ड, याचं कोष्टक. एनसीडी पोर्टलवर एंट्री, आभा कार्डाची एंट्री, औषधांच्या साठ्याची एंट्री. सकाळी बीपी मोजायचा, दुपारी तो वहीत लिहायचा, संध्याकाळी रेंज शोधत पोर्टलवर चढवायचा. पोर्टलवर एंट्री नाही झाली तर काम झालंच नाही. 'अधिकारी' हा शब्द ऑर्डरवर छापलाय, पण अधिकार कशाचा हे त्या ऑर्डरमध्ये सापडत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले, तेव्हा आपल्यातल्या किती जणांना कळलं की हे कोण लोक? उपकेंद्राला कुलूप दिसलं तेव्हा कळलं.

आता डॉक्टर मंडळींकडे वळतो. राग मानू नका, पण बोललंच पाहिजे.

२०१९ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनचा कायदा झाला. त्याच्या ३२ व्या कलमात 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ला मर्यादित परवाना द्यायची तरतूद आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक उपचारात ठरवून दिलेली औषधं त्यानं स्वतः लिहावीत, बाकी ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अशा परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असू नये. कायदा अजून विधेयक होता तेव्हा त्याच्या विरोधात ३१ जुलै २०१९ ला इंडियन मेडिकल असोसिएशननं देशभर २४ तास काम बंद ठेवलं, आणि सगळ्यात मोठा आक्षेप याच कलमावर होता. म्हणणं असं की हे बोगस डॉक्टरगिरीला कायद्याचं कवच आहे. कलम कायद्यात बसलं. तो परवाना भिंतीला लावलेलं एक उपकेंद्र मी अजून पाहिलेलं नाही.

भीती पूर्ण खोटी नाही, हे मी मान्य करतो. कलमाची भाषा ढिली होती. आधुनिक औषधांशी संबंधित कुणालाही परवाना देता येईल अशी. पण मग भाषा घट्ट करा म्हणायचं, दार बंद करा का म्हणायचं? आणि याच महाराष्ट्रात होमिओपॅथच्या डॉक्टरांना एका वर्षाच्या सर्टिफिकेट कोर्सवर ॲलोपॅथीची औषधं लिहायची वाट काढून दिली गेली. त्या नोंदणीवरून २०२५ मध्ये पुन्हा भांडण पेटलं, पुन्हा संप झाला. दोन्ही बाजूंनी कोर्टकचेरी, निवेदनं, मोर्चे. त्या सगळ्या गदारोळात चार वर्षं आधुनिक वैद्यकाच्याच वॉर्डात उभी राहिलेली नर्स कुणाला आठवली नाही. औषधशास्त्र तिच्या अभ्यासक्रमात आहे. डोस ती रोज मोजते. चुकीचा डोस लिहिलेला असेल तर डॉक्टरांना हळूच जाऊन विचारणारी तीच असते. हे प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. खासगीत विचारा, सांगतील.

अजून एक गंमत नव्हे, दुःख आहे. भारतात 'नर्स प्रॅक्टिशनर' अशी पदव्युत्तर पदवी आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं ती सुरू केली क्रिटिकल केअरमध्ये, म्हणजे आयसीयूत. दोन वर्षांची रेसिडेन्सी, उत्तम शिक्षण. पण आयसीयूत डॉक्टर चोवीस तास असतात. जिथं डॉक्टर हाकेच्या अंतरावर तिथं नर्सला वाढीव भूमिका, आणि जिथं डॉक्टर नदीपलीकडे तिथं "ऑर्डर आणा". बाळंतपणासाठी २०१८ मध्ये केंद्रानं मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, १८ महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं. ते पाऊल बरोबर. बीपी, शुगर, दमा, ताप, जखम, म्हातारपण यांसाठी तेवढ्याच गंभीरपणे पाऊल कधी पडणार?

"नर्सला जमेल का?" हा प्रश्न तर आता विचारूच नये. अमेरिकेत कोलोरॅडोत १९६५ मध्ये लॉरेटा फोर्ड या नर्सबाई आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला कोर्स काढला. तोही मुलांच्या प्राथमिक उपचारासाठी, डॉक्टर पोचत नव्हते तिथल्यासाठी. एका नर्सनं आणि एका डॉक्टरनं मिळून काढला, हे मला महत्त्वाचं वाटतं. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत गेल्या, १०४ वर्षांच्या होऊन. २०१८ मध्ये कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं नर्स आणि डॉक्टर यांची तुलना करणाऱ्या १८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. प्राथमिक उपचारात नर्सनं बघितलेल्या पेशंटची तब्येत डॉक्टरांनी बघितलेल्यांइतकीच किंवा थोडी बरी राहिली, आणि पेशंट जास्त समाधानी होते; नर्स वेळही जास्त देते. चाचण्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या होत्या, हेही सांगतो.

श्रीमंत देश नको असतील तर गडचिरोली घ्या. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळ बघायला शिकवलं. बाळाला जंतुसंसर्ग झालाय का हे ठराविक लक्षणांवरून ओळखायचं आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, हेही शिकवलं. इंजेक्शन! गावातल्या बाईनं! काय ओरड झाली असेल कल्पना करा. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६० टक्क्यांहून जास्त कमी झाले. १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि पुढे घरी जाऊन बाळ बघायचं काम देशभरच्या आशाताईंकडे आलं. आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत हे सिद्ध झालेलं आहे. तरीही पदवीधर नर्सनं एक पाच मिलिग्रॅमची गोळी लिहावी का यावर आपण परिषदा भरवतो.

बीपीचं तर गणितही तयार आहे. २०१७ च्या अखेरीला देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात आपल्या जवळचा सातारा पहिल्या जिल्ह्यांत होता. त्यांनी काय केलं? एक साधा तक्ता. १४० वर ९० च्या पुढं गेलं की कुठली गोळी, महिन्यानं उतरलं नाही तर पुढची कुठली, १८० च्या वर असेल तर डॉक्टरांकडे. गोळ्या मोजक्या, तक्ता भिंतीवर, पेशंटची नोंद कार्डावर, पुढच्या महिन्याची गोळी जवळच्या केंद्रात नर्सच्या हातून. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. माझ्या डोळ्यांसमोर राजाराम बंधाऱ्याची पट्टीच उभी राहते. ३९ ला हे, ४३ ला ते. आकडा ठरलेला, कृती ठरलेली. फक्त पहिली गोळी सुरू करताना अजूनही साहेबांची सही.

डॉक्टर नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स मला अपुरा वाटतो. आता पदवीच्या अभ्यासक्रमातच हा भाग घातलाय, चांगलं झालं. पण शिकवणारा माणूस उपकेंद्रात बसलेला हवा, वर्गात नव्हे. सहा महिने, वर्षभर रोज एका अनुभवी डॉक्टरसोबत ओपीडी करावी, मग परीक्षा, मग परवाना, दर काही वर्षांनी पुन्हा परीक्षा. फोन केला की उचलणारा एक डॉक्टर नेमून दिलेला हवा, त्याचं नाव भिंतीवर हवं. चूक झाली तर तिच्या पाठीशी कायदा हवा, नाहीतर चौकशीत सगळ्यात आधी तीच सापडते. आणि पगार कायम नोकरीचा. अधिकार वाढवायचा आणि ऑर्डर मात्र कंत्राटी ठेवायची, हे चालणार नाही. स्वस्तात डॉक्टर मिळतोय म्हणून नर्सला पुढं करणाऱ्या सरकारच्या बाजूनं मी उभा नाही.

गरिबांना दुय्यम उपचार का, हा प्रश्न मला शहरातले मित्र विचारतात. मनापासून विचारतात, म्हणून उत्तर देतो. आज त्या गरिबाला पहिल्या प्रतीचा उपचार मिळतोय आणि मी तो काढून घ्यायला निघालोय, असं नाही ना? आज त्याला मेडिकलमधलं पोरगं मिळतंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा एका शाळेतल्या निवाऱ्यात मी दोन दिवस मदतीला होतो. लोक अंगावरच्या कपड्यानिशी आले होते. पहिल्या रात्री दूध, चटई, कोरडी चादर मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकच मागणी: बीपीची गोळी, शुगरची गोळी. घरात पाण्याखाली राहिलेल्या गोळ्या. तिथं एक नर्सबाई होत्या, पन्नाशीच्या, स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी असलेल्या. त्यांनी एका दोनशे पानी वहीत रेघा मारून नावं लिहिली. गोळीचं नाव माहीत नसलेल्यांना "पांढरी का पिवळी? लहान का मोठी? सकाळची का रात्रीची?" असं विचारत विचारत त्यांनी डझनावारी माणसांच्या गोळ्या ओळखल्या. डॉक्टर दुपारी बोटीतून आले. त्यांनी वही चाळली, दोन ठिकाणी बदल केले आणि खाली सही केली. चांगले डॉक्टर होते, त्यांनी बाईंना तिथंच सगळ्यांदेखत शाबासकी दिली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच पाणी, पुन्हा तेच निवारे. पुरात चालतं ते कोरड्यात का चालत नाही?

आपणही साधे नाही, बावडेकर मंडळी. केंद्रात शिरलो की पहिला प्रश्न, "डॉक्टर नाहीत का?" समोर पांढऱ्या कोटातली सिस्टर बसलेली असते, तिच्याकडे बघत विचारतो. सुई टोचली नाही तर उपचारच झाला नाही असं आपल्याला वाटतं. सिस्टरनं मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज चाला असं पंधरा मिनिटं समजावलं तर "नुसतं बोलून पाठवलं" म्हणून गल्लीत सांगत फिरतो. तिचा अधिकार सरकारनं अडवला, डॉक्टरांच्या संघटनांनी अडवला, आणि थोडा आपणही अडवला. आक्कांनी मात्र "तुला कळतंय न्हवं? मग दे की" म्हणून एका वाक्यात तो मान्य केला होता. सातवी शिकलेल्या बाईनं.

आमच्या कसबा बावड्यात डी. वाय. पाटील विद्यापीठ आहे. तिथं मेडिकल कॉलेज आहे, नर्सिंग कॉलेज आहे. लाईन बाजारच्या रस्त्यावर सकाळी गणवेशातल्या मुली दिसतात, केस घट्ट बांधलेल्या, हातात फाईल. शिरोळच्या, गगनबावड्याच्या, चंदगडच्या, सीमेपलीकडच्या निपाणीच्या. भागात अख्खं मेडिकल कॉलेज, आणि बंधारा ओलांडला की गोळीसाठी सहीची वाट बघणारी आक्का.

परवा केएमटीच्या बसमध्ये अशीच एक मुलगी शेजारी बसली होती, शेवटच्या वर्षाची. नदीपलीकडचीच. मी विचारलं, "पुढं काय? आपल्या गावाकडं उपकेंद्रात जाणार का?" ती हसली. म्हणाली, "काका, तिथं काय करायचं? मला येतंय ते करू देणार नाहीत." मग पिशवीतून एक पुस्तक काढलं. जर्मन भाषेचं. राज्यानं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्गशी करार केलाय, कुशल माणसं पाठवायचा, त्यात नर्सेस आहेत. वर्गातल्या आणखी काही मुली क्लासला येतात म्हणाली. उत्साहानं सांगत होती, आणि मी तिला अडवणारा कोण?

उतरताना तिनं आईला फोन लावला. आईला बीपी आहे. "गोळी घेतलीस का? दुकानातनं आणलीयेस ती पट्टी मला फोटो काढून पाठव," असं म्हणत ती भगव्या चौकात उतरली.